विहिरीतल्या गारगोट्या

सुरुंगाचा धूर अजून विहिरीच्या तोंडाशी घुटमळत होता. तेवढ्यात हरिबा शिडीवरून अर्धा वर आला आणि ओरडला, "मालक, पोकळी लागली!"

मनुबाईला ते 'मालक' ऐकून हसायलाच आलं. मालक म्हणजे तिचा लेक, वीरधवल. डोक्याला टॉवेल गुंडाळून, कमरेवर हात ठेवून तो काठावर उभा होता. रान तिच्या नावावर, विहीर खोल करायचा खर्च तिच्या पेन्शनीतून, आणि मालक कोण, तर हे. भरतीला पळून पळून बूट झिजवले, पण छाती काही भरली नाही, आणि भरायच्या आत वय उलटून गेलं. बापानं हौसेनं वीरधवल नाव ठेवलं होतं. बाप हवालदार होऊन फौजेतून परत आला आणि उन्हाळा-दोन उन्हाळे बघून गेला. नाव तेवढं मागं राहिलं. मनुबाई त्याला विऱ्या म्हणायची.

"पोकळी म्हंजी?" विऱ्यानं विचारलं.

"कातळाच्या पोटात भगदाड हाय. आत चमाकतंय कायतरी."

विऱ्या घाईघाईनं शिडी उतरला. मनुबाई कडब्याच्या पेंढ्या सोडत बसली होती, ती तशीच बसून राहिली. म्हसवडच्या पुढं त्यांचा हा माळ. औंदा पावसानं तोंडच दाखवलं नव्हतं. विहीर माघातच तळाला गेली, डाळिंबाची बाग टँकरवर कशीबशी तग धरून होती. उन्हाळ्यात साऱ्या तालुक्याला एकदमच विहिरी खोल करायच्या असतात, त्यामुळं हरिबाची टोळी मिळवायला मनुबाईला त्याच्या दारात जाऊन बसावं लागलं होतं. आता कुठं दगड वर ओढायची यारी उभी राहिली होती, रोज कातळ फुटत होता, आणि ह्यांना पोकळीचं कौतुक.

विऱ्या वर आला तो दोन्ही हातांत काहीतरी धरून. तान्हं पोर धरावं तसं. त्यानं ते आईपुढं कडब्यावर ठेवलं. ओंजळीएवढा दगड. बूड काळं, त्यावर पिकल्या पेरूच्या गुलाबी गरासारखा थर, त्या थरात पांढऱ्या सुयांचे झुबके आणि मधोमध काचेसारखा हिरवा खडा, चार बाजू सरळ, टोक निमुळतं.

"आये, हे बग."

"बगितलं. गारगोटी हाय."

"गारगोटी न्हवं. हिरवं हाय ते."

"मग हिरवी गारगोटी हाय. ल्हानपणी आमी गुरांमागं हिंडताना असल्या लय लाथाडल्यात."

"आगं, लोकं शोकेसमंदी ठेवत्यात ह्या. मी मोबाइलवर बगितलंय. परदेशात जात्यात."

"जाऊ देत की. तू गेलास तरी चालंल."

यारीवरची माणसं हसली. विऱ्याचा चेहरा लाल झाला. मग तो वळला आणि एकदम मोठ्या आवाजात म्हणाला, "हरिबा, काम थांबवा. आता सुरुंग लावायचा न्हाई."

हरिबा उतारवयाचा माणूस. जन्मभर सुरुंगाचे आवाज ऐकून त्याचा एक कान गेला होता. त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दुसरा कान पुढं करून त्यानं परत विचारलं. मग म्हणाला, "दादा, कातळ घामेजलाय. हात लावून बगा. अजून थोडं खाली गेलं की पाझर हाय."

"पाणी काय पळून जात न्हाई. ह्या फुटल्या तर परत मिळायच्या न्हाईत. आदी ह्या हातानं काडू, मग लावा सुरुंग."

"हातानं?" हरिबानं मनुबाईकडं बघितलं.

मनुबाई तेव्हाच बोलली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तिला वाटलं, करू दे. चार दिवस घण मारील, हाताला फोड आले की येईल गुमान. लेकाचं कुठलंही खूळ तिनं असंच बघितलं होतं. कोंबड्या पाळल्या, त्या मानमोडीनं गेल्या. सेकंडहँड टेंपो घेतला, तो घाटात बसला. आपण नुसतं बघायचं, आणि पडला की म्हणायचं, मी म्हटलंच होतं. या म्हणण्याची तिला चटकच लागली होती.

टोळी लिंबाखाली बसून राहिली. बिड्या संपल्या, पत्ते खेळून झाले. मग एका सकाळी हरिबा काठी टेकत आला. "बाई, आमचा धंदा उनाळ्याचा. बसून कसं भागंल? तिकडं लोक थांबल्यात." त्यांनी यारी उतरवली, ट्रॅक्टरला जोडली आणि धुरळा उडवत निघून गेले. शिडी तेवढी विऱ्यानं विकत घेऊन ठेवली.

विहिरीच्या पाण्यात धाकट्या दिराचा, हंबीररावचा, निम्मा हिस्सा. तो सुभेदार होऊन आला होता. गाव त्याला साहेब म्हणे, आणि लोणंदच्या एका गोदामावर रात्री वॉचमन म्हणून बसतो हे गावात कुणाला माहीत नाही असं तो समजे. मिशीला कलप, पायात फौजेचे कॅन्व्हासचे बूट. विहिरीच्या काठावर येऊन त्यानं खाली डोकावून बघितलं.

"वयनी, हे काय चाललंय? ह्याला म्हणावं डिसिप्लिन न्हाई. आमच्या पलटणीत असला जवान असता तर..."

"तुमच्या पलटणीत तो घेतलाच न्हाई," मनुबाई म्हणाली. "त्यामुळं पलटण वाचली."

हंबीरराव हसला. मनुबाईला त्याचं हसणंही आवडलं नाही. लेकाची टिंगल करायचा हक्क तिचा होता, त्याचा नव्हता. 

उन्हं चढायच्या आत विऱ्या खाली उतरायचा. छिन्नी, हातोडी, एक पहार. वरून बघितलं तर नुसती घामानं चकाकणारी पाठ दिसायची. दगडाच्या त्या भांड्यात दुपारी असा उकाडा कोंडायचा की वर उभं राहिलं तरी तोंडावर वाफ यायची. काळा कातळ चिवट, आणि त्याला चिकटलेले खडे नाजूक. दहा ठोके कातळावर बसायचे आणि अकराव्याला खडाच उडून जायचा. खालून त्याची आईमाईवरची शिवी घुमत वर यायची. संध्याकाळी त्याच्या बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असत, त्यांत दगडाची पांढरी कुसळं. पूजा दिव्याखाली सुईनं ती काढत बसे.

पूजा म्हणजे विऱ्याची बायको. वाईच्या गावठाणातली, बी.ए. झालेली. बोलणं शुद्ध, आवाज गोड. मनुबाईला तो गोडवाच खुपायचा. शेणात हात घालतानाही ही 'अहो आत्या' म्हणते, म्हणून ती शेजारणीला सांगायची. चालू कामाच्या विहिरीत बाईनं उतरायचं नाही, ही तिथली रीत. त्यामुळं पूजा काठावर बसून दोरीनं वर आलेली पाटी ओढायची, दगड निवडायची आणि धुवायची. आधी नुसत्या पाण्यानं, मग बाथरूम धुवायच्या ॲसिडनं, मग तारेच्या ब्रशनं. तिचे तळवे सोलून निघाले. पाणी टँकरचं. त्या पाण्यावर म्हशींचा हक्क होता, बागेचा होता.

"आगं, झाडं तोंड वासून बसल्यात आन् तू दगडांना आंगूळ घालतीस?" मनुबाई म्हणायची.

"आत्या, धुतल्याशिवाय रंग दिसत नाही."

"रंग दिसून काय करायचंय? लगीन लावायचंय त्यांचं?"

भल्या सकाळी, उजेड कोवळा असताना, पूजा दगड पाटावर मांडायची आणि विऱ्या मोबाइल धरायचा. ती डोक्यावर पदर नीट करून बोलू लागायची.

"नमस्कार. हा बघा, आमच्या विहिरीतला कच्चा दगड. ह्याला कुणी घासलेलं नाही, पैलू पाडलेले नाहीत. जमिनीनं दिला तसाच आहे. ह्याचा हिरवा रंग बघा, घाट्यातल्या कोवळ्या हरभऱ्यासारखा. आणि ह्या पांढऱ्या सुया... फुंकर घातली तर हलतील असं वाटतं..."

"हरबरा खायला तरी येतो," गोठ्यातून मनुबाई म्हणायची. तेही व्हिडिओत यायचं. मग परत पहिल्यापासून.

मनुबाईच्या मनात यायचं, ही पोरगी दगडाबद्दल असं बोलते, तसं हिनं माणसाबद्दल कधी बोललेलं ऐकलं नाही. आणि विऱ्या मोबाइलच्या आडून तिच्याकडं असा बघायचा, की मनुबाईला तोंड फिरवावं लागायचं. एवढ्या मोठ्या पोराचं हे असलं तोंड कुणी बघायचं!

गावातली माणसं बघायला येऊ लागली. प्रत्येकजण दगड हातात घेई, उन्हात धरी, आणि आपल्यालाच फार कळतं असं तोंड करी. कुणी म्हणे नाग असणार आत, कुणी म्हणे सरकार जप्त करील. एक मास्तर तर चष्मा पुसून म्हणाला की हा पाचूच. मनुबाईनं सगळ्यांना चहा दिला, आणि ते गेल्यावर कपबश्या आपटत धुतल्या. ह्यातल्या एकालाही टँकरच्या वेळी तिच्या बागेची आठवण झाली नव्हती.

मग सांगलीहून मुकुल नावाचा एकजण आला. पूजाचा व्हिडिओ बघून त्यानं फोन केला होता. पांढरी गाडी, पांढरा सदरा, मनगटावर निरनिराळ्या खड्यांच्या माळा. त्याचं स्फटिकांचं दुकान होतं. विऱ्यानं अंगणात सतरंजी टाकली, दगड मोठ्यापासून बारक्यापर्यंत मांडून ठेवले, स्वतः धुतलेला शर्ट घातला. मुकुल गाडीतून उतरला आणि विऱ्याला म्हणाला, "मामा, वीरधवल कुठंयत?"

विऱ्याहून तो फार तर चार-पाच वर्षांनी लहान असेल. विऱ्या म्हणाला, "मीच."

"अच्छा." मुकुल सतरंजीवर बसला नाही. खुर्ची मागितली. रुमाल टाकून तिच्यावर बसला आणि खिशातून छोटं भिंग काढलं.

एकेक दगड तो उचले, बॅटरीचा उजेड पाडी, आणि आपल्याशीच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोले. "हं. रंग छान आहे. रॉ आहे, त्यामुळं ऊर्जा शुद्ध. हा हृदयाजवळ ठेवायचा असतो. पाणी चांगलं आहे याला."

"पाणी हाय?" मनुबाई दारातून म्हणाली. "मग धरा की डाळिंबाच्या बुडात."

मुकुलनं तिच्याकडं बघितलंही नाही. "पण हे टोक उडालंय," तो पुढं म्हणाला. "ह्याचंही. हे बघा, इथं चीर. इथं तर छिन्नी लागलीय." एकेक दगड तो डाव्या हाताला टाकू लागला. "पैलू पाडायचा दगड असता तर चाललं असतं हो, घासून काढला असता. हा कच्चाच विकतात. ह्याचं टोक, ह्याची कड, हीच ह्याची किंमत. ती गेली, संपलं." एक पेरूच्या रंगाचा गड्डा त्यानं नाकापाशी नेला. "हा कशानं धुतला?"

पूजा म्हणाली, "ॲसिडनं. आणि ब्रशनं."

"तारेच्या?"

पूजानं मान हलवली. मुकुल हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. "घासलात तुम्ही. सगळी झळाळी गेली. व्हिडिओत काय म्हणालात, कुणी घासलेलं नाही?" त्यानं तो गड्डा सतरंजीवर टाकला. "हे आता बागेत ठेवा. शोभेला."

पूजानं सोललेले तळवे पदराखाली घेतले. मनुबाईला वाटलं, आता लेक काहीतरी बोलेल. उठून गाडीपर्यंत तरी घालवेल ह्याला. पण विऱ्या पुढं सरकला आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "साहेब, आत अजून हायती. अख्खी भिंत हाय. मी हात लावला न्हाई तिला." मोबाइलवर त्यानं फोटो दाखवला.

फोटो बघून मुकुलचा चेहरा जरासा बदलला. तो विहिरीपर्यंत आला, शिडी हलवून बघितली आणि मागं सरला. "असल्यावर मी नाही उतरत. बघू. मशीननं अख्खा तुकडा कापून काढावा लागेल. आमची माणसं येतील पावसाळा झाल्यावर. तोवर कुणी हात लावायचा नाही. सुरुंग तर अजिबात नाही."

"न्हाई लावत," विऱ्या म्हणाला.

नमुना म्हणून बरे दिसणारे सगळे दगड मुकुलनं कागदात बांधून घेतले. काही दिलं नाही. चहा घेतला, पाण्याला नको म्हणाला, स्वतःच्या बाटलीतलं प्यायला. गाडी वळवताना बागेची कडेची दोन झाडं मोडली. विऱ्या गाडीमागं थोडं चालत गेला आणि धुरळ्यात उभा राहिला.

"मामा," मनुबाई म्हणाली, "भाचा गेला का?"

विऱ्या वळला आणि विहिरीकडं निघाला. पूजानं मात्र सासूकडं बघितलं. 

त्यानंतर दोन आठवड्यांत बाग गेल्यात जमा झाली. आधी फुलं गळाली, मग पानं कडेनं जळत आत आली. टँकर आठवड्यातून एकदा येऊ लागला. मनुबाई पहाटेपासून कळशीनं एकेका बुडाला पाणी घालायची. जमीन ते असं गिळायची की ओल दिसायच्या आत नाहीशी व्हायची. कंबर धरून आली की ती विहिरीकडं बघायची. खाली कोरड्या तळाला तिचा लेक त्या भगदाडाच्या तोंडाला गोणपाट लावून बसलेला असायचा. राखण! पावसाळ्यानंतर येणाऱ्या माणसांसाठी. पावसाळ्याचाच पत्ता नाही, आणि हा त्याच्यानंतरची वाट बघतोय.

एक दिवस तिनं लुगडं बदललं आणि वडापच्या जीपमध्ये बसून म्हसवड गाठलं. हरिबाची टोळी गावाबाहेर एका बागायतदाराच्या विहिरीवर होती. हरिबाच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन ती बसली.

"उद्या यायचं."

"बाई, तुमचा ल्योक?"

"त्याचं काय इचारतूस? रान माजं हाय."

"रान तुमचं. पण खाली तो बसतोय. मला ते भांडण नगं." हरिबानं बिडी पेटवली. "आन् खरं सांगू? लय विहिरी फोडल्या मी. पोकळ्या निघत्यात. पर ती तसली न्हाई बगितली. माजंबी हात आखडत्यात."

"तुजं हात आखडाय लागल्यावर सुतारकाम कर."

हरिबा हसला. म्हणाला, "येतो. पण सुरुंग भरला की खाली कुत्रंबी दिसाय नगं. दिसलं तर मी वात लावायचा न्हाई, आदीच सांगतो."

टोळी आली तेव्हा मनुबाईला वाटलं होतं, विऱ्या आकांडतांडव करील. त्यानं काहीच केलं नाही. यारी उभी करायला हात लावला. पूजा भाकरी घेऊन आली, ती त्यानं खाल्ली. कातळात भोकं पडत होती तेव्हा तो काठावर गुडघ्यांत मान घालून बसून राहिला. हंबीरराव बूट घालून देखरेखीला आला होता. तो मनुबाईला म्हणाला, "बगा, जरा ताठ बोललं की सरळ येतं. तुमीच उशीर केला."

भोकं भरून झाली, वाती जोडल्या. माणसं वर येऊन लांब पांगली. हरिबानं हाळी दिली. तेव्हा विऱ्या उठला, "पहार ऱ्हायली," म्हणाला आणि कुणी काही समजायच्या आत शिडीवरून सरसर खाली गेला. गोणपाट बाजूला करून पोकळीत शिरला. मग बाहेर आलाच नाही.

हरिबानं हातातली काडेपेटी जमिनीवर टाकली. "झालं. मी सांगितलं व्हतं."

हंबीररावनं काठावरून हुकूम सोडला, "वीरधवल! फौरन बाहर आ!" खालून काही नाही. त्यानं परत हिंदीत ओरडून बघितलं. मग मनुबाईनं तोंड सोडलं. भरतीपासून टेंपोपर्यंत, कोंबड्यांपासून मामापर्यंत, जे जे ठेवणीतलं होतं ते सगळं तिनं त्या खड्ड्यात ओतलं. आवाज घुमून तिच्याच अंगावर येत होता. टोळीतली माणसं दुसरीकडं बघू लागली. पूजा पुढं आली, पदर खोचून शिडीला हात घातला. हरिबा ओरडला, "बाईमाणसानं उतरायचं न्हाई!"

"तू हो मागं," मनुबाईनं तिला ओढलं. "माजं कार्टं हाय."

तिनं काष्टा घट्ट केला आणि वळून शिडीवर पाय ठेवला. लोखंड तापलेलं होतं. गुडघे कुरकुरत होते. मध्यावर गेल्यावर तिला चक्कर आल्यासारखं झालं. डोळे मिटून ती थांबली आणि परत उतरू लागली. सुरुंगाच्या दारूचा वास, ओलसर दगडाचा वास. तळाला कातळ खरंच घामेजला होता. पायाला गार लागलं.

पोकळी तिच्या छातीच्या उंचीला होती. विऱ्या आत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"चल वर."

"बग आदी."

"दिसतंय मला. चल."

"आये, तू बगितलंच न्हाईस. एकदाबी. मी काडून आणलेली मोडकी बगितलीस. ही बग, मग उडव. मी आडवत न्हाई."

मनुबाईला ओरडायचं होतं. पण वर ओरडून घसा बसला होता. तिनं डोकं आत घातलं.

ऊन बरोबर डोक्यावर होतं. समोरच्या भिंतीवर पडून ते वळून आत येत होतं. आधी तिला नुसतं डोळ्यांत गेल्यासारखं झालं. मग दिसू लागलं. वर, खाली, पाठीमागं, जिथं दगड असायला हवा तिथं दगड नव्हताच. गुलाबी पाकळ्यांचे गड्डे एकमेकांना चिकटून उतरत गेले होते, आणि त्यांच्या फटीफटीतून हिरवे खडे उभे होते, उगवल्यासारखे, प्रत्येकाचं टोक शाबूत, प्रत्येकाच्या पोटात उजेड. छताला पांढऱ्या सुयांचे झुबके, केसांहून बारीक. तिचा श्वास लागला तसे त्यांतले काही थरथरले. ह्या माळाखाली हे होतं. ती सून म्हणून आली तेव्हाही होतं, नवरा गेला तेव्हाही. तिनं नकळत बोट पुढं केलं. एका झुबक्याला ते लागलं मात्र, सुया पिठासारख्या गळून तिच्या मनगटावर पडल्या.

तिनं हात मागं घेतला.

"कसं हाय?" विऱ्यानं विचारलं. "सांग की. तुला सगळ्याला नाव ठेवता येतं. ह्याला ठेव."

 मनुबाई म्हणाली, "चांगलं हाय."

विऱ्यानं बाहीनं नाक पुसलं. लहानपणी पुसायचा तसं. "बास," तो म्हणाला, बाहेर आला, तिला आधी शिडीवर चढवलं आणि पाय घसरू नये म्हणून मागून तिच्या टाचेला हात देत वर आला.

हरिबानं वात लावली. जमीन हादरली, लिंबावरचे पक्षी उडाले, दगड वर येऊन धडाधड कोसळले. धूर निवळायला वेळ लागला. मग टोळीतला एकजण खाली उतरला आणि त्यानं खालून आरोळी मारली. पाझर फुटला होता. मनगटाएवढा नव्हता, पण पोकळी होती त्याच्याच खालून, गढूळ, सारखा. माणसं हसायला लागली. हरिबानं टोपी काढून परत घातली. हंबीररावनं खिशातून पेढे काढावेत तसा मोबाइल काढला आणि आपल्या पोराला फोन लावला, "हॅलो, पाणी लागलं. व्हय, मी उबा हाय हितं."

गाव गोळा झालं. चष्मा पुसणारा मास्तरही आला. माणसं काठावर दाटीनं उभी राहून खाली बघत होती. विऱ्या खाली उतरून राडारोडा पाटीत भरत होता. पाटी वर आली की त्यात काळ्या दगडांबरोबर हिरवा चुरा असायचा. पोरं तो उचलून खिशात घालत होती.

हंबीररावनं फोन ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वयनी, तुमी आत उतरला व्हता. काय व्हतं वो एवढं? खरंच कायतरी व्हतं, का ह्याचं आपलं उगंच?"

सगळे तिच्याकडं बघू लागले. विऱ्या नुकताच पाटीबरोबर वर येऊन शिडीच्या तोंडाशी उभा होता. केसांत धूळ, भुवया पांढऱ्या. तोही थांबला.

मनुबाईला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. टिंगलीला टपलेले, तिच्या एका शब्दाची वाट बघणारे. ते तिला ओळखत होते. ती कधी कुणाला चांगलं म्हणत नाही म्हणूनच ते तिला मानत होते.

"काय असायचंय?" ती म्हणाली. "गारगोट्या."

लोक हसले. मास्तर सगळ्यांच्या आधी हसला.

विऱ्यानं तिच्याकडं बघितलं. रागानं नव्हे. राग तिला कळला असता, त्याला तिच्याजवळ उत्तर होतं. जत्रेत रोगट जनावर दाखवून पैसे मागणाऱ्या माणसाकडं आपण जसं बघतो आणि पुढं जातो, तसं त्यानं बघितलं. मग पाटी रिकामी केली आणि परत खाली उतरला.

दिवस कलला तेव्हा विहिरीत पिंढरीएवढं पाणी झालं होतं. मोटार लावून पहिलं पाणी हौदात सोडलं. म्हशी धावत आल्या. टोळी जेवायला बसली, विऱ्याही त्यांच्यातच, पाठमोरा. मनुबाईनं ताटात चटणी वाढली, त्यानं हात आडवा केला. मग पूजानं वाढली, ती घेतली.

मनुबाई हौदावर येऊन म्हशीच्या पाठीवर पाणी मारू लागली. थोड्या वेळानं पूजा कळशी घेऊन आली. ती भरली, तरी तिथंच उभी राहिली.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "मी इतके दिवस त्या दगडांचं वर्णन करत होते. ते जागेवर कसे होते, ते मी बघितलंच नाही. तुम्ही बघितलंत. कसं होतं हो?"

ह्या पोरीनं कधी काही मागितलं नव्हतं. जवळ कुणी नव्हतं. मनुबाईनं बादली खाली ठेवली. तिला सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की एवढ्या वर्षांत जिभेवर जे जे शब्द तयार करून ठेवले, त्यांतला एकही इथं लावता येत नाही.

"हिरवं व्हतं," ती म्हणाली. मग पुढं काहीच येईना. म्हैस पाणी पीत राहिली.

पूजा वाट बघत थांबली. मग तिनं कळशी कमरेवर घेतली.